डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचा वैयक्तिक वाचनतास: तो शिकवणीपेक्षा वेगळा का असतो आणि त्यात नेमके काय घडते

तुम्ही विचारलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे. तुमचा मुलगा चौथीत, सेमी-इंग्रजी वर्गात शिकतो. गोष्टी सांगण्यात, तोंडी हिशेबात आणि प्रश्न विचारण्यात तो कुठेही कमी नाही. परंतु पुस्तक समोर आले की अडखळतो, आणि जोडाक्षर आले की शब्दाची सुरुवात पाहून उरलेला शब्द अंदाजाने बोलून टाकतो. दोन वर्षे रोज शिकवणी लावूनही वाचनात फरक पडला नाही. अलीकडे तपासणीत डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन जड जाण्याची अडचण, असल्याचे निदान झाले आणि विशेष शिक्षिकेने आठवड्यातून चार दिवस एकट्याचे तास सुचवले आहेत. शिकवणी चालू असताना या तासांची गरज काय, तीनचार मुलांच्या गटात भागणार नाही का, त्या तासात काय करतात, किती काळ लागेल, घरी आपण काय करायचे आणि नातेवाइकांनी सुचवलेल्या रंगीत काचांच्या चष्म्याचा उपयोग होईल का, असे तुमचे प्रश्न आहेत.

मूळ मुद्दा आधी सांगते. मूल शिक्षकासमोर एकटे बसते, एवढ्याने वैयक्तिक तासाचे मोल ठरत नाही. मुलाने आत्ता जी चूक केली तिच्यावरून पुढच्या मिनिटाला काय द्यायचे हे शिक्षकाला ठरवता येते, हे या तासाचे खरे मोल आहे. शिकवणीत पुढे काय घ्यायचे हे पाठ्यपुस्तक, चाचणी आणि शाळेचा गृहपाठ ठरवतात. शिकवणीच्या बाई कितीही मायाळू असल्या, तरी त्या मुलाला चौथीचा धडा समजावून सांगतात, प्रश्नोत्तरे पाठ करून घेतात, आणि मुलगा ऐकून ती उत्तम पाठ करतो. त्यामुळे गुण टिकतात. पण ज्या ठिकाणी वाचन अडले आहे, तिथे कोणाचा हात पोहोचतच नाही. दोन वर्षे वाया गेली म्हणून तुम्ही स्वतःला बोल लावता आहात, तो लावू नका. शिकवणीने तिचे काम केले. हे काम तिचे नव्हतेच.

डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धीची उणीव नव्हे. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधील डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. त्या मुलाला वाचता येत नव्हते; पण सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. तुमच्या पत्रातले वर्णन त्याहून फारसे वेगळे नाही. बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करून ओळखणे आणि ते अक्षरांशी झटपट व आपोआप जोडणे, हे काम या मुलांच्या मेंदूला जड जाते. बहुतेकांची अडचण याच ठिकाणी असते. ती अनेकदा घराण्यात चालत आलेली असते, त्यामुळे वडील, काका किंवा मामा यांच्या शाळेतल्या आठवणी जरूर विचारा. पुष्कळदा त्यातून मुलाला मोठा आधार मिळतो.

आता मराठीकडे वळते, कारण या विषयावर वाचायला मिळणारा बराच मजकूर इंग्रजी वाचनाविषयी असतो आणि तो आपल्या मुलांना तसाच्या तसा लागू करता येत नाही. इंग्रजीत एकच आवाज अनेक प्रकारे लिहिला जातो, म्हणून तिथे डिस्लेक्सिया पहिल्या वर्षापासून चुकांच्या रूपाने दिसतो. देवनागरीत अक्षर आणि आवाज यांचे नाते बरेच नियमित आहे, त्यामुळे आपली मुले पहिली-दुसरीत छोटे शब्द रेटून नेतात. त्यांची अडचण चुकांपेक्षा संथपणात अधिक दिसते आणि जोडाक्षरांनी भरलेले लांब धडे सुरू झाले की ती उघडी पडते. म्हणूनच मराठी माध्यमातली कितीतरी मुले तिसरी-चौथीपर्यंत ‘जरा आळशी’ म्हणून सोडून दिली जातात.

परंतु नियमित असणे म्हणजे सोपे असणे नव्हे. व्यंजने आणि बाराखडी मिळून सुमारे चारशे अक्षरे होतात आणि जोडाक्षरे त्यांच्याखेरीज आहेत. कन्नड मुलांवर झालेल्या अभ्यासात, इतकी मोठी अक्षरसंख्या पक्की व्हायला सर्वसाधारण मुलांनाही पहिल्या इयत्तेनंतर आणखी काही वर्षे लागतात असे दिसले आहे. मराठीच्या वर्गात वेगळे चित्र मी पाहिलेले नाही. त्यात आपल्या लिपीत काही जागा अशा आहेत, जिथे लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम जुळत नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते, पण तिचा उच्चार अक्षरानंतर होतो; म्हणून ‘कविता’ हा शब्द मूल ‘किवता’ असा वाचते, कारण त्याच्या दृष्टीने ती वेलांटी क आणि व यांच्यामध्ये उभी असते आणि ती कोणाची हे पक्के नसते. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, पण त्याचा उच्चार त्या अक्षराआधी होतो. म्हणून ‘पर्वत’ वाचताना ‘पवरत’ होते, आणि लिहिताना मूल ऐकलेल्या जागी रफार देऊन ‘र्पवत’ लिहिते. एकट्या र ची रूपे पाहा: पर्वत, प्रकाश, राष्ट्र, दऱ्या. अनुस्वाराचे एकच टिंब गंगा, पंच, अंडे, संत आणि आंबा या पाच शब्दांत पाच वेगळ्या आवाजांचे काम करते. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झ एकसारखा लिहितात, पण उच्चारतात वेगळा. शिवाय लिहिलेला प्रत्येक अ आपण बोलत नाही. ‘करतो’ हा शब्द ‘क, र, तो’ असे सुटे वाचल्यावर त्यातून ‘कर्तो’ हा ओळखीचा उच्चार निघायला हवा. सहज वाचणाऱ्याला हा अ गाळणे कोणी शिकवावे लागत नाही. तुमच्या मुलाला ते शिकवावे लागेल, आणि तेही पुन्हा पुन्हा.

दिसायला जवळची अक्षरे हा आणखी एक भाग आहे. घ आणि ध, म आणि भ, ब आणि व, प आणि ष यांची गल्लत बहुतेक लहान मुले करतात. या मुलांची ती सरत नाही. आपल्याकडे ‘गमभन’पासून सुरुवात करण्याची रीत आहे, आणि वळण सारखे असल्याने हाताला ते सोपे जाते, हा त्यामागचा विचार सर्वसाधारण मुलांसाठी योग्यच आहे. पण ज्या मुलाचा म आणि भ यांतच घोटाळा होतो, त्याला हे दोन शेजारी देऊन चालत नाही. आधी म इतका पक्का व्हावा लागतो की तो ओळखायला थांबावे लागू नये, आणि मधे बरेच दिवस गेल्यावर भ आणावा लागतो. शिरोरेघेची एक साधी गोष्ट घरीही लगेच करता येईल. पुष्कळ मुले आधी सगळा शब्द लिहितात आणि शेवटी वर एकसंध रेघ ओढतात. तसे केले की ध चा घ आणि भ चा म होतो. प्रत्येक अक्षर लिहितानाच त्याची शिरोरेघ द्यायची सवय लावली, तर हात आणि डोळा दोघांनाही त्यातला फरक जाणवतो.

बाराखडीविषयीही बोलायला हवे, कारण शिकवणीत तिच्यावरच भर असतो. तुमचा मुलगा ‘क का कि की’ ठेक्यात न चुकता म्हणत असेल. आता पुस्तकात कुठेतरी मध्येच ‘खु’ वर बोट ठेवून विचारा. माझ्याकडे येणारी किती तरी मुले त्या वेळी ओठातल्या ओठात ‘ख खा खि खी’ पासून धावत येतात आणि ‘खु’ पाशी थांबतात. त्यांना गाणे येते, अक्षर येत नाही. प्रत्येक अक्षरासाठी अशी धाव घ्यावी लागत असेल, तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरली जाणारच, आणि मग धडा कळत नाही याचे खापर मुलाच्या लक्षावर फुटते.

या मुलांना शिकवण्याच्या पद्धतीचा पाया अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिका यांनी १९३० च्या दशकात घातला. एका वेळी एकच नवी गोष्ट शिकवावी, सोप्याकडून अवघडाकडे ठरलेल्या क्रमाने जावे, नियम मुलाच्या तर्कावर न सोडता उघड सांगावा, आणि पाहणे, ऐकणे, बोलणे व हाताने गिरवणे एकाच वेळी घडवावे, ही तिची तत्त्वे आहेत. ती मराठीलाही लागू पडतात. तिथले धडे मात्र लागू पडत नाहीत. इंग्रजीत सुटा आवाज हा शिकवण्याचा घटक असतो. मराठीत अक्षर आणि त्याच्या आतला आवाज, अशा दोन्ही पातळ्यांवर काम करावे लागते. ‘कमळ’ शब्दाच्या दर अक्षराला एक अशा टाळ्या वाजवता आल्या, म्हणजे ‘की’ मध्ये क आणि ई असे दोन आवाज दडलेले आहेत हे कळलेच असे नाही. आणि ते कळल्याशिवाय काना, मात्रा, वेलांटी यांचे काम मुलाला समजत नाही.

पाऊण तासाचा एक तास कसा जातो ते सांगते. पहिली काही मिनिटे जुन्या कार्डांची उजळणी असते: आधी शिकलेली अक्षरे, मुद्दाम क्रम मोडून, एकेक समोर येतात. झटकन आलेले कार्ड एका बाजूला आणि थांबून आलेले दुसऱ्या बाजूला जाते. बरोबर पण थांबून आलेले उत्तरही ‘अजून पक्के नाही’ असेच धरायचे असते, आणि नेमके हेच वर्गात कोणाला दिसत नाही. मग पुस्तक बंद ठेवून थोडे तोंडी काम होते: ‘पाट’ मधला ‘प’ काढून ‘ल’ घाल, काय झाले? ‘मीठ’ मधला ‘ई’ काढून ‘ओ’ घाल. त्यानंतर नवा घटक येतो, त्याचे शब्द येतात, त्या शब्दांची वाक्ये होतात, मग थोडे श्रुतलेखन, आणि शेवटी शिक्षिका मुलाला त्याच्या वयाचे, त्याला आवडणारे काही वाचून दाखवते. हा शेवटचा भाग वेळ उरला तर घेण्याचा नाही. ज्याला स्वतःला वाचता येत नाही, त्याचा शब्दसंग्रह आणि जगाचे ज्ञान या काळात मागे पडू द्यायचे नसते.

रफाराचेच उदाहरण जवळून पाहू. मुलाने श्रुतलेखनात ‘र्पवत’ लिहिले. शिकवणीत इथे लाल शाईने खाडाखोड होऊन ‘पर्वत’ दहा वेळा लिहायला मिळाले असते. वैयक्तिक तासात शिक्षिका आधी चूक कशाची हे पाहते. मुलाने र ऐकला आहे आणि तो प नंतर येतो हेही अचूक ओळखले आहे. म्हणजे कान बरोबर आहे, बसण्याची जागा चुकली आहे. म्हणून आवाजाचे काम पुन्हा घ्यायची गरज नाही. तिने टेबलावर रंगीत ठोकळे ठेवले: प साठी एक, अर्ध्या र साठी छोटा लाल, व साठी एक, त साठी एक. मुलाने शब्द सावकाश म्हणत प्रत्येकावर बोट ठेवले. मग शिक्षिकेने लाल ठोकळा उचलून पुढच्या, म्हणजे व च्या डोक्यावर ठेवला आणि नियम मोठ्याने सांगितला: अर्धा र आधी बोलायचा, पण बसवायचा पुढच्याच्या डोक्यावर. मुलाने तो नियम स्वतःच्या शब्दांत सांगितला, वाळूच्या ताटलीत बोटाने ‘र्व’ लिहिला, आणि मग सर्प, गर्व, मार्ग, कर्ज, सूर्य हे शब्द वाचले व लिहिले. त्यानंतर तिने ‘मर्प’, ‘तार्ग’ असे निरर्थक शब्दही दिले, कारण ओळखीचा शब्द मूल अंदाजाने वाचते आणि निरर्थक शब्दात अंदाज चालत नाही. ‘चक्र’ आणि ‘प्रकाश’ तिने त्या आठवड्यात जवळही येऊ दिले नाहीत. रफार पक्का होण्याआधी र चे दुसरे रूप आणले तर दोन्ही बिघडतात.

दुसऱ्या एखाद्या मुलाने त्याच शब्दाला ‘पवत’ लिहिले असते, तर काम अगदी वेगळे झाले असते. त्याला र ऐकूच आलेला नाही. त्याच्यासाठी ठोकळे, टाळ्या आणि तोंडी खेळ आधी, आणि रफार कदाचित दोन आठवड्यांनी. तिसऱ्याने ‘परवत’ लिहिले असते, तर त्याला सगळे आवाज ऐकू आले आहेत आणि अर्धे अक्षर म्हणजे काय हेच शिकवायचे राहिले आहे. शब्द एकच, तिन्ही चुका लाल शाईला सारख्याच दिसतात, आणि तिघांना द्यायचा धडा निराळा. गटाविषयीच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. दोन-तीन मुलांच्या छोट्या गटात नीट बांधलेले शिक्षण एकट्याच्या तासाइतकेच परिणामकारक ठरल्याचे काही परदेशी अभ्यासांत दिसले आहे, आणि तुमच्या गावात अगदी तुमच्या मुलाच्याच पायरीवरची आणखी दोन मुले असतील, तर मी गटाला नाही म्हणणार नाही; खर्चही कमी होईल. पण प्रत्यक्षात गट वयावरून किंवा सोयीच्या वेळेवरून बनतात, पायरीवरून बनत नाहीत. शिवाय चौथीच्या मुलाला दुसरीतल्या मुलाशेजारी बसून ‘मार्ग’ वाचायची लाज वाटते. माझा सल्ला असा की निदान पहिले सहा महिने एकट्याचेच तास असू द्या.

तुमच्या शिक्षिकेने आठवड्यातून चार दिवस सांगितले, ते योग्य आहे. रविवारी एकदाच दोन तास बसवून होणारे हे काम नव्हे. रियाजासारखे आहे हे. थोडे, पण जवळजवळ रोज. तीस ते पंचेचाळीस मिनिटांपेक्षा जास्त लांबवू नका, कारण या मुलांना वाचनात इतरांच्या कितीतरी पट श्रम पडतात आणि दमलेल्या मेंदूत चूकच पक्की होते. कालावधीबद्दल स्पष्ट सांगायचे, तर चौथीत सुरुवात करणाऱ्या मुलाला नियमित तास मिळाले तरी साधारण दीड ते दोन वर्षे धरून चला. अडचण तीव्र असेल तर त्याहूनही अधिक. ‘तीन महिन्यांत डिस्लेक्सिया बरा’ असे कोणी सांगत असेल, तर तिथे पैसे भरू नका. डिस्लेक्सिया बरा होत नाही. मूल वाचायला शिकते, आणि पुढे आयुष्यभर इतरांपेक्षा थोडे सावकाश पण व्यवस्थित वाचते.

प्रगती कशावरून ओळखायची? पहिल्या सहामाहीत शाळेच्या गुणांवरून नाही. दर चार-सहा आठवड्यांनी एकाच पातळीचा, पण न वाचलेला उतारा देऊन मिनिटाला किती शब्द अचूक वाचले ते मोजावे आणि आलेखावर मांडावे. सुरुवातीला अचूकता वाढते आणि वेग तसाच राहतो, कधी थोडा कमीही होतो, कारण मुलाने अंदाज करणे सोडलेले असते. पालक इथेच धीर सोडतात. वेगासाठी वेगळे काम करावे लागते: आठ-दहा ओळींचा सोपा उतारा आधी शिक्षिकेने वाचायचा, मग दोघांनी मिळून, मग मुलाने एकट्याने, असा तोच उतारा तीन-चार वेळा. हे पाठांतर नव्हे; त्यातून आपोआप ओळखू येणाऱ्या शब्दांची संख्या वाढते. ऱ्हस्व-दीर्घ मात्र सगळ्यात शेवटी सुधारते, आणि मोठ्या माणसांनाही ते अवघड जाते हे आपण जाणतो. मुलगा ‘नदी’ ची वेलांटी चुकला म्हणून पुढचे वाचन थांबवू नये.

सेमी-इंग्रजी असल्यामुळे इंग्रजीचे काय, हा प्रश्न येईलच. तो ज्या भाषेत बोलतो आणि विचार करतो, त्या भाषेतले वाचन आधी पायावर उभे करा. आवाज सुटे करण्याची मराठीत कमावलेली सवय इंग्रजीतही उपयोगी पडते. इंग्रजीचे काम सुरू होईल तेव्हा ते अक्षरांच्या नावांनी नव्हे, तर आवाजांनी, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून होईल. त्याच महिन्यात दोन्ही लिप्यांचे नवे घटक एकत्र आणू नका. तोवर इंग्रजी बोलणे आणि ऐकणे चालू राहू द्या.

चष्म्याबद्दल. डोळ्यांची साधी तपासणी एकदा जरूर करून घ्या, कारण नंबर असेल तर तो कोणत्याही मुलाला अडवतो. पण रंगीत काचा आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सियात फायदा होतो याला पुरावा नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून हे सांगितले आहे. अक्षरे उलटी दिसतात हा समजही बाजूला ठेवा. अडचण बहुतेक वेळा डोळ्यांत नसते, आवाज आणि अक्षर यांच्या सांध्यात असते. काचा आणि व्यायाम यांवर खर्च होणारे पैसे आणि, त्याहून महत्त्वाचे, जाणारे महिने तासांसाठी वापरा.

घरी तुम्ही शिक्षिका होऊ नका. रोज पंधरा मिनिटे त्याला वाचून दाखवा. वडिलांनी, आजीने, कोणीही. इतिहास, परिसर अभ्यास हे विषय ऐकून शिकू द्या. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात, ती मोबाइलवर मोठ्या अक्षरांत उघडून तुम्ही वाचा आणि त्याला तोंडी उत्तरे विचारा. शिक्षिकेने दिलेली कार्डे पाच मिनिटे फिरवा आणि थांबा. तो वाचताना अडला तर पाच-सहा सेकंद वाट पाहा, मग शब्द सांगून मोकळे व्हा. ‘कालच तर सांगितला होता’ हे वाक्य घरातून कायमचे काढून टाका. शाळेत वर्गशिक्षकांना भेटून एवढी एकच विनंती आग्रहाने करा की त्याला वर्गासमोर अचानक उभे करून वाचायला लावू नये. वाचायचे असेल, तर उतारा आदल्या दिवशी घरी कळवावा.

अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राचा विषय तासांपेक्षा वेगळा आहे, पण तो टाळू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे (डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो), आणि महाराष्ट्रात परीक्षेतील सवलती त्याच्याही आधीपासून, १९९० च्या दशकापासून मिळत आल्या आहेत: जादा वेळ, गरजेनुसार लेखनिक, शुद्धलेखनातील चुकांकडे सौम्यपणे पाहणे, इत्यादी. मुंबईत शीव, नायर यांसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत ही तपासणी होते. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतर देण्याची आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करण्याची तरतूद होती; २०२४ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या. तुम्ही जाल तेव्हाचे ताजे नियम तिथे विचारून घ्या. तपासणी मराठीतून व्हावी असा आग्रह धरा. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. मराठीत शिकणाऱ्या मुलाचे मोजमाप फक्त इंग्रजी शब्दांवरून होऊ देऊ नका. सवलती मिळाल्या म्हणून तास बंद करायचे नाहीत, आणि तास चालू आहेत म्हणून सवलती नाकारायच्या नाहीत.

शेवटी शिक्षिकेच्या निवडीबद्दल. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का आणि प्रशिक्षण अध्ययन अक्षमतेचे आहे का, हे विचारायला संकोच करू नका. तुमच्या तालुक्यात अशी व्यक्ती नसेल, तर समग्र शिक्षा योजनेखाली गट साधन केंद्रात नेमलेल्या विशेष शिक्षकांना भेटा. दूर राहणाऱ्यांसाठी ऑनलाइन तासही चालतात, फक्त कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यावर नव्हे, तर वहीवर आणि लिहिणाऱ्या हातावर असला पाहिजे आणि शेजारी घरचे कोणी तरी बसलेले हवे. तास सुरू होऊन सहा आठवडे झाले की शिक्षिकेकडे तिची नोंदवही मागा. मुलाची नाही, तिची. त्यात तारखेनिशी मुलाच्या चुका जशाच्या तशा उतरवलेल्या असतील, त्यावरून पुढच्या तासाला काय घेतले हे दिसत असेल आणि पक्क्या झालेल्या घटकांवर खूण असेल, तर निर्धास्तपणे पुढचे वर्ष तिच्या हाती सोपवा. वहीत फक्त पाठाचे नाव आणि पान क्रमांक असतील, तर तुम्ही आणखी एक शिकवणीच लावली आहे. त्याच महिन्यात दुसरी शिक्षिका शोधा.